एका वस्तूचं एकच नाव: धंदा एका सॉफ्टवेअरवर आणतानाचा माझा अनुभव

आमचा धंदा यंत्रांच्या सुट्या भागांचा. बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट, हवेच्या लाइनची फिटिंग असा माल विकतो आणि पंपांची दुरुस्तीही करतो. माणसं मोजकी, पण वस्तूंचे प्रकार हजारोंनी. फोनवरचा ग्राहक तीनच गोष्टी विचारतो: माल आहे का, कितीला पडेल, कधी मिळेल. या तीन प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे तीन ठिकाणी होती. साठा गोदामातल्या रजिस्टरमध्ये, दर एक्सेलच्या फाइलमध्ये, आणि पुढचा माल कधी येणार हे पुरवठादाराशी झालेल्या व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यात. बिलं वेगळ्या सॉफ्टवेअरवर व्हायची आणि उधारीची वही हिशेब बघणाऱ्या ताईंकडे असायची. "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला की तिघांना विचारून उत्तर जुळवेपर्यंत ग्राहक दुसरीकडे ऑर्डर देऊन मोकळा व्हायचा.

धंदा वाढवायचा तर आधी माणसं वाढवावी लागतील असं सगळे म्हणत होते. मला वेगळंच दिसत होतं. आहे त्या माणसांचा निम्मा दिवस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिण्यात आणि एकमेकांना विचारण्यात जात होता. म्हणून कोटेशन, ऑर्डर, साठा, बिल, वसुली आणि दुरुस्ती हे सगळं एका ऑनलाइन सॉफ्टवेअरवर आणायचं ठरवलं. त्यात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मला जाहिराती भरपूर मिळाल्या, पण काम कसं करायचं हे कुणी सांगितलं नाही.

पहिला प्रश्न होता, आहेत ती साधनं एकमेकांना जोडायची की सगळं एकाच ठिकाणी न्यायचं. जोडणं स्वस्त वाटतं. पण पाच साधनं असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं असेल तर १० जोड लागतात, सहा असतील तर १५. प्रत्यक्षात इतके करावे लागत नाहीत, तरी जो जोड असतो त्यावर कुणाला तरी लक्ष ठेवावं लागतं. एका बाजूचं सॉफ्टवेअर बदललं की जोड तुटतो, आणि तुटल्याचं लगेच कळतही नाही. आमच्याकडे संगणक विभाग नाही. त्यामुळे साठा, विक्री आणि हिशेब या तीन गोष्टी तरी एकाच डेटाबेसवर हव्यात, हे पक्कं केलं. ईमेलसारखी बाकीची कामं बाहेर राहिली तर चालेल.

अशी एकत्र व्यवस्था पूर्वी मोठ्या कारखान्यांनाच परवडायची. जर्मनीतली एसएपी ही कंपनी १९७२ पासून तेच करत आली आहे, आणि अशा व्यवस्थेसाठी ईआरपी हा शब्द १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने रूढ केला. छोट्यांसाठी दार उघडलं ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने मिळू लागल्यावर. आज झोहो वन आहे, बेल्जियममधून २००५ मध्ये सुरू झालेलं ओडू आहे, मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, ईआरपीनेक्स्ट आहे. आम्ही कोणतं घेतलं ते मुद्दाम सांगत नाही. तुमच्या कामाला कोणतं बसेल हे तुमच्याच ऑर्डरवरून ठरेल.

आम्ही तसंच ठरवलं. डेमोमध्ये दाखवतात ती विक्री सरळ असते: ऑर्डर आली, माल गेला, पैसे आले. खरी विक्री अशी क्वचित होते. मी आमचीच एक जुनी, भरपूर गुंतागुंतीची ऑर्डर घेऊन बसलो. अर्धा माल हातात, अर्धा मागवायचा. दोन वेळा डिलिव्हरी. त्यातले काही नग परत आलेले, आणि पैसे दोन हप्त्यांत, तेही आधीच्या एका बिलासोबत एकत्र आलेले. ही ऑर्डर कोटेशनपासून शेवटच्या रुपयापर्यंत माझ्यासमोर फिरवून दाखवा, असं प्रत्येकाला सांगितलं. परतीच्या मालापाशी बरेच जण अडखळले. आणखी दोन गोष्टी विचारल्या. माझा सगळा डेटा मला हवा तेव्हा बाहेर काढता येईल का? आणि एखादा आकडा कुणी, कधी बदलला हे दिसेल का? या दोन्हींना स्पष्ट "हो" मिळाल्याशिवाय पुढे गेलो नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

मग सुरू झालं खरं काम, वस्तूंची यादी साफ करणं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

६२०५ हे बेअरिंग घ्या. या क्रमांकातल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मिमी. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. कोणत्याही कंपनीचं घेतलं तरी मापं हीच. पण पुढची अक्षरं बदलतात. दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असलेल्याला एक कंपनी झेडझेड म्हणते, तर एसकेएफ २झेड. रबरी सीलवाल्याला एसकेएफ २आरएस१ किंवा २आरएसएच लिहिते, एनएसके डीडीयू लिहिते, एनटीएन एलएलयू. आमच्या बिलांत, रजिस्टरात आणि दरपत्रकात हे एकच बेअरिंग कितीतरी रूपांत होतं. कुठे मध्ये रेघ, कुठे मोकळी जागा, कुठे नुसतंच "६२०५ रबर". माणसाला ते एकच आहे हे कळतं. सॉफ्टवेअरला त्या वेगवेगळ्या वस्तू वाटतात, आणि मग एका नावावर साठा शून्य दिसतो तर दुसऱ्या नावावर खोका भरलेला.

आम्ही नियम केला. आधी मूळ क्रमांक, मग झाकणाचा प्रकार आमच्या एकाच ठरलेल्या पद्धतीने, मग कंपनी. कंपनीची स्वतःची अक्षरं वेगळ्या रकान्यात ठेवली, म्हणजे ग्राहकाने डीडीयू म्हटलं तरी शोधात तीच वस्तू येते आणि शेजारी बदली चालणारी बेअरिंगही दिसतात. एकक ठरवणंही तितकंच महत्त्वाचं निघालं. पुरवठादार खोक्याने देतो, आम्ही नगाने विकतो. एका खोक्यात किती नग हे प्रत्येक वस्तूवर नोंदवल्याशिवाय साठ्याचा एकही आकडा खरा होत नाही.

या कामात एक्सेल मदतही करतं आणि घातही. हवेच्या लाइनचं ८-१० फिटिंग म्हणजे एका टोकाला ८ मिमी, दुसऱ्याला १० मिमी. एक्सेलला ती तारीख वाटते आणि तो ती बदलूनही टाकतो. या खोडीपायी शास्त्रज्ञांनी काही जनुकांची नावंच बदलली. २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने त्यासाठी नियम जाहीर केले, कारण मार्च१ आणि सेप्ट१ यांच्या तारखा होत होत्या. कोडच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात, १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकांचे शेवटचे अंक शून्य होतात. उपाय सोपा आहे. माहिती भरण्याआधीच तो रकाना "टेक्स्ट" करायचा. आणि ग्राहकांची नावं देवनागरीत असतील तर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) यूटीएफ-८ या, देवनागरी अक्षरं नीट जपणाऱ्या प्रकारातच सेव्ह करायची, नाहीतर नावांच्या जागी अगम्य चिन्हं येतात.

गोदाम मामा सांभाळतात. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. कोणती वस्तू कुठे आहे हे त्यांच्या डोक्यात होतं, आणि नवीन व्यवस्थेचं ऐकून ते गप्प गप्प होते. एके दिवशी म्हणाले, "सगळं त्या स्क्रीनवर गेल्यावर माझं काम काय उरलं रे?" मी म्हटलं, "मामा, स्क्रीनवर काय जाणार ते तुम्हीच सांगायचंय." खरंच तसं केलं. रॅक, कप्पा आणि खण यांना त्यांनीच क्रमांक दिले. कोणत्या वस्तू जवळ हव्यात, कोणत्या वर टाकल्या तरी चालतील, हे त्यांनी ठरवलं. त्यांच्या नोंदीशिवाय माल दाराबाहेर जाणार नाही हा नियम केला, तो मलाही लागू आहे. आता नव्या मुलाला ब-३-२ सांगितलं की तो बरोबर त्या खणापाशी जातो. ज्याच्या हातून काम होतं त्यालाच व्यवस्था आखू दिली तर ती टिकते, असं माझं ठाम मत झालं आहे.

बदलाची तारीख आम्ही महिन्याच्या पहिल्या दिवसाची धरली. आदल्या दिवशी माल मोजला. जुनी उधारी भरताना एक गोष्ट जरूर करा. ग्राहकाच्या नावावर एकूण रक्कम टाकून मोकळं होऊ नका, न भरलेलं प्रत्येक बिल त्याच्या मूळ तारखेसह वेगळं भरा. ताईंनी हा आग्रह धरला आणि त्यामुळेच पहिल्या दिवसापासून येणी ० ते ३०, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढे अशी दिवसांप्रमाणे दिसू लागली. नुसती एकूण रक्कम भरली असती तर सगळी उधारी कालचीच दिसली असती.

त्यानंतर काही आठवडे जुनं आणि नवं दोन्ही चाललं. हा काळ कंटाळवाणा असतो, सगळ्यांची चिडचिड होते. तरी तो गाळू नये. रोज संध्याकाळी तीन आकडे ताडायचो: साठ्याची किंमत, एकूण येणी, बँकेतली शिल्लक. फरक दिसला तर त्याच संध्याकाळी शोधायचा. दुसऱ्या दिवसावर ढकलला की त्यावर नव्या नोंदी चढतात आणि मूळ सापडेनासं होतं.

आता फोन आला की समोर फक्त "किती आहे" दिसत नाही. हातात ४०, त्यातले दुसऱ्या ऑर्डरसाठी राखलेले २५, म्हणून देता येतील असे १५, आणि मागवलेले ५० अमुक तारखेला येणार, हे एकाच ओळीत दिसतं. ग्राहकाला तिथल्या तिथे सांगता येतं. कोटेशनचीच ऑर्डर होते, ऑर्डरचं चलन (मालासोबत जाणारा कागद), चलनाचं बिल. मधे कुणीही काहीही पुन्हा टाइप करत नाही.

मागवण्याचा हिशेबही अंदाजातून बाहेर आला. एखादी वस्तू रोज सरासरी ४ नग जाते, माल यायला १० दिवस लागतात आणि अडीअडचणीला १५ नग हाताशी हवेत, तर साठा ५५ वर आला की मागवायचं. हे गणित नवीन नाही. पण हजारो वस्तूंचं रोज कोण करणार? सॉफ्टवेअर करतं आणि सकाळी यादी देतं. त्याच नोंदींतून कित्येक महिने न हललेला मालही पुढे आला. तो कमी भावात काढला आणि अडकलेला पैसा रोज फिरणाऱ्या मालात घातला. कर्ज न काढता हाती आलेलं हे भांडवल होतं, आणि मला वाटतं छोट्या धंद्याला याहून मोठी मदत दुसरी नाही.

दुरुस्तीच्या बाजूला फरक आणखी ठळक दिसला. आता प्रत्येक पंपाला त्याच्या सिरियल नंबरवर जॉब कार्ड असतं, आणि गोदामातून निघालेली लहानशी ओ-रिंगही त्या कार्डावर चढते. आधी असे बारीक भाग बिलात येतच नसत. एका पंपाचं सील ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा बदललं जातंय असं कार्डावर दिसलं, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी शाफ्टची जुळणी तपासली आणि दोष तिथे सापडला. ग्राहक खूश झालाच, पण त्यातून आम्हाला वाट मिळाली. कोणत्या ग्राहकाकडे कोणतं यंत्र, त्यात कोणते भाग, ते कधी बदलले, हे सगळं हाताशी असल्याने आम्ही वार्षिक देखभालीचे करार घेऊ लागलो. पूर्वी अशी कामं आली तर नाही म्हणावं लागायचं, कारण वेळेवर भाग देण्याचा शब्द कशाच्या जोरावर देणार? आता देखभालीची तारीख जवळ आली की लागणारे भाग आपोआप राखले जातात आणि ग्राहकाला आठवण जाते. आमच्या वाढीचा मोठा हिस्सा या करारांतून येतो.

अडचणीही सांगायला हव्यात. भाडं बहुतेक ठिकाणी माणशी असतं, त्यामुळे माणसं वाढली की खर्च वाढतो. इंटरनेट गेलं की काम थांबतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन तयार ठेवलंय आणि कोरी चलनं छापून ठेवली आहेत. सॉफ्टवेअर आपल्या सवयींप्रमाणे वाकवून घेण्याचा मोहही आवरावा. खास बदल जितके जास्त तितकी पुढची आवृत्ती बसवताना डोकेदुखी. आम्ही दोन-तीन छापील नमुने सोडले तर जसं आहे तसंच वापरतो. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आहे, त्याच्या कामापुरतेच अधिकार आहेत, आणि पासवर्डसोबत मोबाइलवर येणारा दुसरा कोडही लागतो.

डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असला तरी दर महिन्याच्या अखेरीस वस्तू, ग्राहक, येणी-देणी आणि साठा यांच्या फाइली आम्ही स्वतः काढून घेतो. एक प्रत ऑफिसात, एक बाहेर. ताई त्यातली एखादी फाइल उघडतात, दोन-चार बिलं ताडून पाहतात आणि तारीख टाकून सही करतात.