डीपीएफचा पिवळा दिवा लागला, मी काय केलं

बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटात गाडी उभी असताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. नळीवर पेटी, पेटीत ठिपके. हा डीपीएफचा दिवा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे निकष) डिझेल कारना ही जाळी असतेच म्हणा ना.

बिघाड काही नव्हता, माझा वापरच तसला. शहापूर, खडेबाजार, परत घर. एका खेपेला चार किलोमीटर. साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात. त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि मध्येच चावी फिरवली की सगळं अर्धवट.

निघण्याआधी तीन गोष्टी बघितल्या. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही ना, टाकी पावच्या वर आहे ना (डिझेल कमी असलं तर बऱ्याच गाड्या जाळायला सुरुवातच करत नाहीत) आणि ऑइल दांडीवरच्या वरच्या खुणेच्या खाली आहे ना. मग काकतीवरून हायवे धरला, संकेश्वरच्या दिशेनं. चौथा गिअर, ७० च्या आसपास वेग, आरपीएम २००० च्या वर. वंटमुरी घाटात उतारावर पाय काढला की धूर थंड होतो. चढावर इंजिनला जोर लागतो, तो कामाचा. थोड्या वेळानं स्क्रीनवरचं मायलेज धाडकन पडलं, जळका वास आला. घाबरायचं नाही, जाळणं चालू झालंय. वीस मिनिटांत दिवा गेला, तरी आणखी पाच मिनिटं तसंच चालवलं. टोलनाक्यावर थांबलात तरी चालेल, इंजिन तेवढं बंद करू नका. नंतर लगेच वाळक्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर गाडी लावू नका, पेट घेईल.

दिवा लुकलुकायला लागला, किंवा सोबत चेक इंजिन आलं आणि पिकअप मेला, तर हायवेचा नाद सोडा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीत जाळून घ्यावं लागतं. तिथं थेट नव्या जाळीचा खर्च सांगितला, तर आधी जाळी किती तुंबली ते दाबावरून मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्या तपासायला लावा. त्या चिरल्या, तुंबल्या किंवा निसटल्या की रीडिंगच चुकतं. डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असेल किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल तर नवी जाळीही भरणार. ‘जाळी काढूनच टाका’ म्हणणारे भेटतात. ते बेकायदा आहे.

काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत साठतच जाते. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कमी राखेचं ऑइल घालायचं, शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नये. आणि दर पंधरा दिवसांनी दांडी काढून बघा. जाळणं वारंवार अर्धवट राहिलं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आणि बोटाला डिझेलचा वास आला, तर सर्व्हिसची तारीख बघत बसू नका, ऑइल बदला.