बाळगणारा आणि विकणारा

व्यसनमुक्तीच्या कामात आहे म्हटल्यावर एक प्रश्न हमखास येतो: “शरीर ज्याचं त्याचं. मग ड्रग्ज कायदेशीर का करत नाहीत? तुम्ही व्यक्तिस्वातंत्र्य मानत नाही का?” तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मानतो. म्हणूनच नशा केली एवढ्यासाठी कुणाला तुरुंगात टाकणं मला पटत नाही. पकडले जाण्याच्या धाकानं माणूस उपचारालाही येत नाही. शिवाय तुरुंगात नशा न मिळाल्यानं शरीराची सवय मोडलेली असते. सुटल्यावर त्यानं हेरॉइनची जुनीच मात्रा घेतली, की श्वास थांबून जीव जाऊ शकतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

पण ‘ज्याची त्याची निवड’ हे शब्द मला टर्कीत, म्हणजे नशा अचानक थांबल्यावरच्या त्रासात, तळमळणाऱ्या माणसाजवळ बसून उच्चारता येत नाहीत. हाडं ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, रात्र रात्र डोळा लागत नाही. अशा वेळी तो पुडी शोधतो ती दुखणं थांबावं म्हणून. पहिल्यांदा त्यानं स्वतःहून घेतली असेल, पण आता ठरवणारा तो उरलेला नसतो. त्याचं ठरवण्याचं बळ परत मिळवून देणं, हेच मला स्वातंत्र्याच्या बाजूचं काम वाटतं.

पोर्तुगालनं २००१ पासून स्वतःच्या वापरासाठी ड्रग्जचा दहा दिवसांपुरता साठा बाळगणं गुन्ह्यातून वगळलं. पकडलेला माणूस कोर्टाऐवजी एका छोट्या समितीपुढे जातो आणि उपचाराची गरज असेल तर तिकडे वळवला जातो. विक्री मात्र तिथे आजही गुन्हाच आहे. सुईतून होणारी एचआयव्हीची नवी लागण पुढे खूप घटली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२१ मध्ये बाळगण्यावरची तुरुंगाची शिक्षा काढून फक्त दंड ठेवला, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही. दंडाऐवजी हेल्पलाइनला फोन करा म्हटलं, तर फोन करणारे अगदी थोडे निघाले. २०२४ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. नुसती शिक्षा काढून माणूस सुटत नाही; त्याला हाताला धरून नेणारं कुणीतरी लागतं.

विक्री खुली करायला माझा विरोध आहे, आणि तो ठाम आहे. ऑक्सिकॉन्टिन हे १९९६ मध्ये अमेरिकेत आलेलं वेदनाशामक पूर्णपणे कायदेशीर होतं. त्याची सवय कमी लागते, असं डॉक्टरांना पटवून ते खपवलं गेलं. २००७ मध्ये कंपनीनं दिशाभूल केल्याचं कोर्टात कबूल केलं. तोवर किती घरं उद्ध्वस्त झाली होती! व्यसन लागलेलं गिऱ्हाईक रोज परत येतं. अशा धंद्याला जाहिरातीची मुभा मिळाली, की तो माणसाला सुटू देणार नाही.

“मग गांजाचं काय?” असंही तुम्ही विचारलंत. उरुग्वेनं २०१३ मध्ये कायदा केला: सरकारी नियंत्रण, नोंदणी, महिन्याला ४० ग्रॅमची मर्यादा, जाहिरातीला बंदी. असं काही असेल, तर मी आडवा येणार नाही.