रेवा चालते, मग गोदा का नाही?

नाशिकमध्ये गोदावरी हे नाव कशाला दिलेलं नाही? अपार्टमेंटांना आहे, मंगल कार्यालयांना आहे, मनमाड-मुंबई गाडीला दिलं, नदीकाठच्या बागेला लाडानं गोदा पार्क केलं. फक्त मुलींना द्यायचं थांबलं. नाशकातल्या बारशांना मी हौसेनं जातो. पण पाळण्याशी वाकून कुणी बाळाच्या कानात ‘गोदावरी’ म्हटल्याचं अलीकडे तरी ऐकलेलं नाही.

खुद्द नदीला तर जुने नाशिककर गोदावरी म्हणतच नाहीत. “जरा गंगेवर जाऊन येतो” म्हणायचं, चपला घालायच्या आणि निघायचं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की “गंगेला पूर आलाय” हीच आरोळी. म्हणजे नदीनं गंगा घेतलं आणि गोदावरी हे नाव बायकांसाठी मोकळं सोडलं. त्यातलीच एक आमच्या घरात होती.

आजीची ही धाकटी बहीण, आमची गोदाआजी, पंचवटीत एका जुन्या वाड्यात राहायची. पाऊस तीन-चार दिवस धरून बसला की ती आम्हा पोरांना घाटावर पिटाळायची. दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला पाणी की कमरेला, एवढंच बघून यायचं. आम्ही धापा टाकत परत आलो की तिचा प्रश्न ठरलेला, “कुठवर आलेय रे मी?” नदी म्हणजे ती स्वतःच. “कमरेला” म्हटलं की ती पदर खोचायची आणि तांदळाची पोती माळ्यावर चढवायला लावायची. शेजारचे काका जिन्यातून ओरडायचे, “गोदाबाई, आवरा आता!” ती खालूनच उत्तर द्यायची, “आधी तुमचे भाडेकरू आवरा, मग मी आवरते.” नंतर कुणी गोदावरी म्हणजे सोशिक, गरीब, चुलीपुढची बाई असं म्हणालं की मला हसू येतं.

हे सगळं आत्ता निघायचं कारण म्हणजे मला नात झाली. शतभिषा नक्षत्र, पहिलं चरण, जन्माक्षर ‘गो’. मुलगा आणि सून पत्रिकाबित्रिका मानत नाहीत, पण अक्षर मात्र हवं असतं. ते का, हे मी विचारत नाही. ‘गो’वरून आजच्या चालीचं नाव शोधून दाखवा. गोजिरी हे नाव नव्हे, ते विशेषण. गोमती लखनौची. गोपिका म्हटलं की मला थेट पेशव्यांच्या गोपिकाबाई दिसतात. थोरल्या माधवरावांच्या या करारी मातोश्री अखेरच्या काळात इथेच गंगापूरला येऊन राहिल्या होत्या. त्या करारीपणाची सुनेला नाही, मुलाला भीती वाटली. राहिलं गोदावरी. मी ते नाव घेतलं तशी सून म्हणाली, “बाबा, ती नऊवारी नेसूनच जन्मल्यासारखी वाटेल हो.”

नदीचं नाव नको, असंही काही नाही. आंघोळीच्या श्लोकात सात नद्या आहेत. त्यातल्या गंगा, यमुना आणि सरस्वती आता भिंतीवरच्या तसबिरीत गेल्या. सिंधूला बॅडमिंटननं वाचवलं. कावेरी अजून खपते. नर्मदा तर मोठी हुशार निघाली, रेवा होऊन मागच्या दारानं पुन्हा घरात आली. गंगेनंही जान्हवी होऊन तेच केलं. शरयू श्लोकात नसून चालते. अडलं ते फक्त गोदावरीचं, तेही तिच्याच गावात.

मुलीचं म्हणणं वेगळंच. “बाबा, शाळेत तिचं गोदू करतील.” करू देत की. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच होती. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा केवढा गहजब झाला! त्या लग्नात तिचं नाव आनंदी झालं, ही मात्र माझी बारीकशी तक्रार आहे. एवढं धाडस ज्या नावानं केलं, तेच ताटातल्या तांदळावर पुसलं गेलं. दुसरी गोदूताई परुळेकर. कायद्याची पदवी घेतलेली ही पुण्याची मुलगी 1945 मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांबरोबर जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली. वारली तिला गोदाराणी म्हणत. पुढे सोलापूरजवळ विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिलाही कॉम्रेड गोदूताईंचंच नाव दिलं. आता सांगा, गोदू म्हणून हाक मारली तर पोरीचं काय बिघडणार आहे?

मुलीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पटलं. पण गौतमी छान वाटतं.”

आता गौतमी म्हणजे गोदावरीच. गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर आणली म्हणून गौतमी. म्हणजे नदी पटली, ऋषी पटले, कथा पटली, फक्त उच्चार आजीचा नको. शिवाय ‘गौ’ म्हणजे ‘गो’ नव्हे, हे अक्षर मागणाऱ्यांच्या गावीही नाही. व्याह्यांनी मध्यममार्ग काढला आहे, पाळण्यात गोदावरी आणि जन्मदाखल्यावर गौतमी. मला हा मार्ग मुळीच मान्य नाही. पाळण्यातलं नाव बाराव्या दिवशी जिलेबीबरोबर संपतं, आयुष्यभर चालतं ते दाखल्यावरचं.

सध्या फ्रिजवर चुंबकाखाली नावांची यादी लावली आहे. सगळ्यात खाली, माझ्या अक्षरात, गोदावरी. त्यापुढे कुणीतरी लाल पेननं ‘बाबा, प्लीज’ लिहिलंय. अक्षर मुलाचं दिसतं. सुनेनं अजून खोडलेलं नाही, त्यामुळे मी थोडा आशेवर आहे.