राजाने ऐकायचं, पण कसं? कौटिल्याची रीत

वरिष्ठाने हाताखालच्यांचं ऐकावं, हा उपदेश आपल्या परंपरेत जागोजागी सापडतो. ऐकण्याची रीत मात्र कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या राज्यकारभारावरच्या ग्रंथाइतकी नेमकी क्वचितच कुणी सांगितली असेल. त्यासाठी पहिल्या अधिकरणातले (भागातले) १५ आणि १९ हे दोन अध्याय वाचावेत.

मसलतीला मंत्री तीन किंवा चार. एकच असला तर अवघड प्रश्नाचा निकाल लागत नाही आणि तो मंत्री बेलगाम होतो. दोघे एक झाले की राजाला गुंडाळतात, भांडले की राजाचं वाटोळं करतात. चारांच्या वर गेलं की निर्णय होणंही कठीण आणि गुपित राहणंही कठीण. मोठी मंत्रिपरिषद याहून वेगळी. तिथे मनूचे अनुयायी १२ अमात्य सांगतात, बृहस्पतीचे १६, उशनसाचे (शुक्राचार्यांचे) २०. कौटिल्य आकडाच देत नाही, सामर्थ्याप्रमाणे ठेवा म्हणतो.

मत विचारायचं ते प्रत्येकाला वेगळं आणि सगळ्यांना एकत्रही, आणि मतामागचं कारण तपासायचं. वेगळं विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं. भरल्या बैठकीत ज्येष्ठ बोलून गेले की बाकीचे माना डोलावतात. जे हजर नाहीत त्यांचं मत पत्राने मागवायचं. कामाचा आरंभ कसा करायचा, माणसं व द्रव्य किती, जागा आणि वेळ कोणती, विघ्न आलं तर उपाय काय, आणि काम तडीस कसं जाणार, ही मसलतीची पाच अंगं. कुणालाही तुच्छ लेखू नये. पोरही अर्थाचं बोललं तर घ्यावं, हेही तिथेच सांगितलंय. मात्र ज्यांचं नुकसान करायचं ठरतंय, त्यांच्याच पक्षातल्या लोकांशी मसलत करायची नाही.

एकोणिसाव्या अध्यायात सूर्योदय ते सूर्यास्त अशा दिवसाचे आठ भाग पाडलेत. दुसरा भाग, म्हणजे साधारण दीड तास, नगरातल्या आणि जनपदातल्या (गावाकडच्या) लोकांच्या कामांसाठी. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही. कारण व्यवहारी आहे: ज्या राजाचं दर्शन दुर्लभ, त्याच्याकडून जवळची माणसं भलतंच करवून घेतात. मग प्रजा चिडते, नाहीतर राजा शत्रूच्या हाती जातो. तातडीचं काम तर लगेच ऐकायचं. टाळलं की अवघड होतं, पुढे अशक्यही. (स्वीय सहायकांच्या केबिनबाहेर हे लिहून लावायला हरकत नाही.)

रीत चुकली की काय होतं, ते महाकाव्यांत दिसतं. रावणाने सभा भरवली ती सीताहरणानंतर. हे आधी विचारायला हवं होतं, असं कुंभकर्णाने तोंडावर सुनावलं. बिभीषणाला तर अपमान करून घालवलं. धृतराष्ट्राची गत वेगळी: विदुराला रात्रभर ऐकलं, पटलं असं कबूलही केलं, पण दुर्योधनासमोर मन पुन्हा फिरतं म्हणाला.

बिभीषण शरण आला तेव्हा रामाने सुग्रीव, अंगद, शरभ, जांबवान, मैंद आणि हनुमान यांची मतं ऐकली. बहुतेकांना संशय होता. हनुमान एकटा अनुकूल. बहुमत घ्यावं किंवा ज्याने काम साधेल ते करावं, अशी दोन्ही मुभा कौटिल्य देतो. रामाने दुसरी वाट धरली. पण आधी सुग्रीवाच्या शंकांना उत्तरं दिली, आणि बिभीषणाला घेऊन यायला सांगितलं तेही सुग्रीवालाच.