नरक्याच्या काढ्याबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

मी वनस्पतींचं जीवरसायनशास्त्र शिकवते हे कळलं, की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "मॅडम, घरात कॅन्सरचा पेशंट आहे. नरक्याच्या सालीचा काढा दिला तर चालेल का?"

नका देऊ.

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन असतं, हे खरं. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडलं.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सैल व्हावा लागतो. टोपोआयसोमरेज हे विकर (एन्झाइम) डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सुटला की पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापलेल्या अवस्थेतच या विकराला अडकवतं आणि पेशी मरते. पण रक्त तयार करणाऱ्या मज्जेतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही सतत दुभंगत असतात. त्याही मरतात. (हे विष बनवणाऱ्या काही वनस्पतींनी स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये बारीकसा बदल करून घेतलाय, म्हणून त्या वाचतात. आपल्याकडे तो बदल नाही.)

कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पहिल्या चाचण्यांत त्याचा सोडियम क्षार दिला. त्यात रेणूतलं एक कडं उघडलं आणि बराचसा गुण गेला. आम्लधर्मी लघवीत तेच कडं पुन्हा मिटलं आणि रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबल्या. रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं घडवायला आणि अमेरिकेत मान्यता मिळायला १९९६ उजाडलं. तुमच्या काढ्यात कॅम्प्टोथेसिन किती उतरलं, हे कोण मोजणार? प्रत्येक झाडात प्रमाण निराळं.

आणि कॅम्प्टोथेसिनच्या मागणीपायी सह्याद्रीतला नरक्या चोरून तोडला जातो, त्याचं मला फार वाईट वाटतं. जपानमध्ये ओफिओरायझा या छोट्या वनस्पतीत एका जिवाणूचे जनुक घालून केसाळ मुळं वाढवली. ती फ्लास्कमध्ये कॅम्प्टोथेसिन बनवतात, थोडं बाहेरच्या द्रवातही सोडतात. झाडाला हात न लावता! नरक्यावर असं काम आपल्याकडे जोमाने व्हायला हवं.

पेशंट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा असेल, तर मी आधी फाइल बघायला सांगते. कित्येकदा तिच्यात इरिनोटेकान लिहिलेलं असतंच. म्हणजे त्याच रेणूपासून घडवलेलं औषध शिरेतून जातंय, रक्तातल्या पेशी मोजून, मात्रा ठरवून. काढा आधीच दिला असेल, तर तेवढं डॉक्टरांना आजच सांगा.