९३० टर्बो: पांढऱ्यातून वर आलेला लाल, आणि मध्ये सिल्व्हर

मंडळी, पोर्शे ९३० टर्बोच्या माझ्या १/२४ प्लास्टिक मॉडेलचा रंग उतरवला. सगळा. मागच्या अपडेटमध्ये ग्रँड प्रिक्स व्हाइट (पोर्शेचा पांढरा) मस्त बसलाय, आता पॉलिश आणि ट्रिम एवढंच राहिलं असं लिहिलं होतं, आणि तेव्हा बॉडी खरंच तशीच दिसत होती, कोट एकसारखा, ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) कुठेही नाही. मग ती डब्यात झाकून निवांत वाळायला ठेवली. पुढे काम सुरू करायला म्हणून बाहेर काढून खिडकीशी नेली तर पुढच्या फेंडरच्या टोकाला हलकी गुलाबी झाक. आधी वाटलं समोरच्या कशाचं तरी रिफ्लेक्शन पडतंय, पण पांढरा कागद शेजारी धरला आणि शंकाच उरली नाही. बॉडी लाल प्लास्टिकची आहे आणि तो लाल वर आलाय.

हे किट जुनं आहे हे तुम्हाला माहीतच आहे, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण लाल प्लास्टिकमधली किट्स बऱ्याच जणांनी काढलीयेत आणि त्यातली काही अजिबात त्रास देत नाहीत. फरक कशामुळे पडतो तर प्लास्टिकला रंग कशाने दिलाय त्यामुळे. पिगमेंट असेल तर ते बारीक घन कण असतात, थिनरमध्ये विरघळत नाहीत, जागेवर बसून राहतात. पण डाय असेल तर तो सॉल्व्हंटमध्ये विरघळतो, आणि आपण लॅकर (सॉल्व्हंटवर चालणारा रंग) मारला की प्लास्टिकचा वरचा थर जरा मऊ होतो, डाय सुटतो आणि ओल्या कोटमधून सरळ वर चढत जातो. पुढचा कोट मारला की पुन्हा ओलं, पुन्हा वर. म्हणून 'अजून एक पांढरा कोट मार, झाकला जाईल' हा सल्ला इथे लागूच पडत नाही, उलट प्रत्येक ओला कोट लालला वर यायला नवी वाट करून देतो. मी तसा एक जास्तीचा कोट पाहून घेतला, पहिल्या रात्री शुभ्र, नंतर परत तीच झाक.

उतरवायच्या आधी पूर्ण बॉडी भिंग लावून नीट तपासली कारण गुलाबी कुठे आहे आणि कुठे नाही यावरूनच बरंच कळतं. छतावर जवळजवळ नाही. बॉनेटच्या मधल्या भागावर नाही. दरवाज्याच्या पॅनल लाइनच्या आत आहे, छताच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळीच्या धारेवर आहे, मागच्या फुगीर फेंडरच्या कडेवर आहे, आणि सगळ्यात जास्त इंजिन लिडच्या ग्रिलच्या पट्ट्यांवर. म्हणजे जिथे रंगाचा थर पातळ तिथे गुलाबी. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर नेहमीच पातळ राहतो, आणि त्यात प्रायमर घासताना सगळ्यात आधी कडाच उघड्या पडतात. प्रायमर मी नेहमीचाच ग्रे वापरला होता, १५०० चा. प्रायमरचं काम पकड देणं आणि ओरखडे भरणं, डाय अडवणं हे त्याच्याकडून होत नाही कारण तो स्वतःच लॅकर आहे, त्याचाच सॉल्व्हंट डायला सोडवतो.

उतरवण्याऐवजी तसाच वरून काहीतरी मारायचा मोह फार झाला. पण हिशोब करा, १/२४ मध्ये रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड झाला तर खऱ्या गाडीवर तो २.४ मिलिमीटर होतो. बॉडीवर प्रायमर, पांढरा, वर अजून पांढरा असं आधीच होतं, आणि दरवाज्याची लाइन भरत चालली होती. ९३० ची सगळी मजा त्या फुगीर फेंडरच्या आणि दरवाज्याच्या मधल्या तीक्ष्ण वळणात आहे, ते गोलमटोल झालं की गाडी खेळण्यातली वाटायला लागते. म्हणून आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल), झाकणाचा डबा, ग्लोव्ह्ज, उघडी खिडकी आणि जुना टूथब्रश. पांढरा पापुद्र्यासारखा सुटला. प्रायमर मात्र ग्रिलमध्ये आणि पन्हाळीत चिकटून बसला, तो टूथपिकचं टोक चपटं करून काढला. एक सांगतो, ए-पिलर, म्हणजे विंडशील्डच्या दोन बाजूंचे खांब, फार नाजूक असतात, आयपीएमध्ये जास्त वेळ राहिले तर ठिसूळ होऊन कट्‌कन जाऊ शकतात, म्हणून बुडवून विसरून जाऊ नका, अधूनमधून काढून ब्रश मारा आणि वरची फ्रेम बोटांनी दाबू नका. माझे दोन्ही पिलर सहीसलामत आहेत, त्यासाठी विंडशील्डच्या जागी फोमचा तुकडा बसवून ठेवला होता. हा फोम आता प्रत्येक बिल्डमध्ये बसणार.

आता मुख्य काम. बॉडीवर हात लावायच्या आधी स्प्रूवर (पार्ट ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) टेस्ट केली, ज्या चपट्या टॅगवर पार्ट नंबर असतात ते कापून घेतले, हे त्याच बॉडीबरोबर ओतलेलं प्लास्टिक असल्यामुळे चमच्यावरच्या टेस्टपेक्षा हे जास्त खरं. एकावर ग्रे प्रायमर आणि पांढरा, एकावर प्रायमर दुप्पट आणि पांढरा, एकावर पाण्यावर चालणारा अ‍ॅक्रिलिक प्रायमर आणि वर लॅकर पांढरा, आणि एकावर सिल्व्हर आणि पांढरा. शेजारी पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यावर तोच पांढरा, तुलनेसाठी. सगळं थोडं कोमट जागी ठेवलं म्हणजे जे व्हायचंय ते लवकर होईल.

पहिला टॅग अपेक्षेप्रमाणे गुलाबी. दुप्पट प्रायमरचा उशिरा, पण गुलाबीच. अ‍ॅक्रिलिकवाला मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगला टिकला, कारण तो प्लास्टिकला विरघळवतच नाही, पण घासायला घेतला तर रबरासारखा गोळा होऊन सोलायला लागला, आणि ज्या बॉडीवर कडा मला सँडपेपरने साफ करायच्या आहेत तिथे असा प्रायमर मला नको. मिनिएचर किंवा फिगर करणाऱ्यांना चालत असेल, गाड्यांना नाही. आणि सिल्व्हरचा टॅग चमच्याच्या शेजारी ठेवला तर ओळखू येत नाही कुठला कुठला. कडेवरसुद्धा पांढरा.

सिल्व्हर का अडवतो तर त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण वाळताना आडवे पडतात आणि एकमेकांवर कौलांसारखे बसतात, डायला सरळ वर जायला फटच मिळत नाही. पण हे तेव्हाच जेव्हा सिल्व्हर बारीक, कोरडा, थरावर थर असा बसतो. आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट सापडली. आपण सगळे लेव्हलिंग थिनरच्या प्रेमात आहोत, मी तर आहेच, ग्लॉस मारायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्यात रिटार्डर असतो, म्हणजे तो मुद्दाम हळू वाळतो, म्हणूनच रंग पसरून सपाट होतो. लाल प्लास्टिकवर नेमकं हेच नकोय, सॉल्व्हंट जितका वेळ ओला तितका वेळ तो डाय सोडवत बसतो. मी दोन टॅग घेऊन दोन्हीवर तोच ८ नंबरचा सिल्व्हर मारला, एक लेव्हलिंग थिनरमध्ये आणि एक रॅपिड थिनरमध्ये. लेव्हलिंगवाल्याच्या कडेवर फिकट झाक आली. रॅपिडवाला स्वच्छ. रॅपिड थिनर मेटॅलिकसाठीच बनवलेला आहे त्यामुळे कणही छान आडवे बसतात. याच थिनरची बाटली माझ्या कपाटात मागे पडून होती, आता ती पुढच्या ओळीत.

बॉडीवर सिल्व्हर असा मारला: ०.३ नोझल, प्रेशर २० पीएसआयच्या आसपास, आधी फक्त कडा, पन्हाळ आणि पॅनल लाइन, लांबून, जवळजवळ धूळ बसल्यासारखा. तो पूर्ण वाळल्यावर परत कडा. मग सपाट भाग. ओला दिसेल इतका एकदाही नाही. सिल्व्हर थोडा खरखरीत बसतो आणि हात शिवशिवतो की जरा घासून घ्यावं, पण सिल्व्हर घासायचा नाही, घासला की कौलं उडाली आणि खालचा लाल मोकळा. खरखर पांढऱ्याच्या कोटमध्ये घासून काढायची.

ग्रिलच्या पट्ट्या मला सगळ्यात जास्त छळत होत्या. पट्ट्यांच्या मधल्या खाचेत एअरब्रशची हवा जाऊन परत उसळते आणि रंग आत पोचतच नाही, वरच्या कडेवर मात्र साचतो. शेवटी लिडला चारही बाजूंनी तिरकं धरून, प्रत्येक बाजूने एकेक फिका हात दिला, प्रेशर अजून कमी करून, आणि मग भिंगाखाली पाहिलं तर खाचेच्या तळापर्यंत एकसारखा करडा चकाकता थर, लालचा ठिपका नाही. हा क्षण मी बराच वेळ घेतला, दिवा इकडून तिकडून फिरवत. लिड बॉडीपासून वेगळं असल्यामुळे हे जमलं, एकत्र असतं तर कसं केलं असतं माहीत नाही.

हे टाइप करतानाच एक गोष्ट डोक्यात आली आणि उठून जाऊन बघून आलो. बॉडी दिव्यासमोर धरली तर खिडक्यांच्या चौकटीत आणि फेंडरच्या पातळ भागात प्लास्टिकमधून लाल उजेड आरपार येतो. बाहेरून सिल्व्हर असलेल्या भागात नाही येत, पण आतली बाजू अजून उघडी लाल आहे, आणि खिडकीच्या आतल्या कडा काच बसवल्यावरही दिसतात. इंटिरिअर काळं आहे, त्यात लाल पट्टी चमकली तर सगळं फुकट. तेव्हा प्लॅन बदलला. आधी आतली बाजू फक्त सेमी ग्लॉस ब्लॅकने रंगवणार होतो, आता आतूनही आधी सिल्व्हर, मग काळा. उजेडही अडेल आणि आतल्या काळ्या लॅकरमुळे डाय कडेवरून बाहेर यायचा प्रश्नही मिटेल. म्हणजे पांढरा अजून थोडा पुढे ढकलला.

पांढऱ्याबद्दलही विचार बदलतोय. मागच्या वेळी प्युअर व्हाइटमध्ये किंचित पिवळा मिसळून ग्रँड प्रिक्स व्हाइट केला होता. आता तामियाचा रेसिंग व्हाइट, एलपी-३९, सरळ बाटलीतून वापरून बघावा असं वाटतंय, तो उबदार आहे आणि पुढे कधी टचअप लागला तर परत मिसळत बसायला नको. प्युअर व्हाइट १/२४ मध्ये मला नेहमी जरा दवाखान्यासारखा दिसतो. हिरव्याचा एक थेंब टाकून गुलाबी मारायचा असाही एक उपाय सुचवला जातो, तो माझ्या मते अजिबात करू नये. त्याने आज रंग जुळेल, पण डाय वर येणं थांबत नाही आणि हिरव्याने पांढरा मळकट होतो तो वेगळा. पांढऱ्याचेही पहिले कोट मिस्टच, म्हणजे धुक्यासारखे हलके, रॅपिड थिनरमध्ये. लेव्हलिंग थिनर फक्त शेवटच्या ग्लॉस कोटला, तेव्हा खाली पुरेसा कोरडा थर असेल.

मधल्या वाळण्याच्या वेळात फुक्स व्हील्स (पोर्शेची पाकळ्यांसारख्या आऱ्यांची चाकं) पूर्ण झाली आणि ती मला खूप आवडलीयेत. पाकळ्या आधी ग्लॉस ब्लॅकवर अ‍ॅल्युमिनियम, मग मधल्या खोलगट भागात तामियाचा इनॅमल सेमी ग्लॉस ब्लॅक, एक्स-१८, दुधासारखा पातळ करून. ब्रशचं टोक फक्त पाकळीच्या मुळाशी टेकवायचं आणि सोडून द्यायचं, रंग स्वतःच कडेपर्यंत धावतो आणि तिथे बरोब्बर थांबतो. जिथे पाकळीच्या रिमवर चढला तिथे इनॅमल थिनरमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा फिरवला, खालच्या लॅकरला काही होत नाही. मास्किंगची गरजच पडली नाही. टायर बसवून बघितलं, मागचं चाक पुढच्यापेक्षा रुंद आहे ते लगेच जाणवतं आणि गाडी उभी राहायच्या आधीच ९३० वाटते.

ट्रिमचं म्हणाल तर या गाडीवर क्रोम नाही, खिडक्यांच्या चौकटी काळ्या, त्यामुळे फॉइलचं काम वाचलं. मागचा स्पॉइलर टी-ट्रे (चहाच्या ट्रेसारखा, कडा वर उचललेला) आहे म्हणजे १९७८ पासूनची ३.३ लिटर इंटरकूलरवाली गाडी, त्याची वरची रबरी कड एलपी-६५ रबर ब्लॅकने. बंपरच्या दोन टोकांच्या अकॉर्डियनच्या घड्या आहेत त्या मॅट ब्लॅक आणि घड्यांच्या माथ्यावर अगदी कोरड्या ब्रशने गडद करडा. पॅनल लाइनला काळा वॉश (खाचेत सोडायचा पातळ रंग) अजिबात नाही, पांढऱ्या गाडीवर काळी रेघ पेनाने काढल्यासारखी दिसते, मी मधला करडा घेणार. त्याआधी दरवाज्याची लाइन परत स्क्राइब करावी (कोरून खोल करावी) लागेल का ते पांढरा बसल्यावर ठरवतो. स्क्राइब करायची झाली तरी सिल्व्हरच्या खाली जायचं नाही, फक्त पांढरा साफ करायचा, चाकूच्या पात्याची मागची बाजू पुरेल.

क्लिअर (वरचा पारदर्शक कोट) मारायचा की नाही यावर माझं मन जवळजवळ 'नाही'कडे गेलंय. डिकॅल (पाण्यातून चिकटवायची चित्रं) या गाडीवर दोन-चारच, तेही काचेवर आणि मागच्या लिडवर. क्लिअर म्हणजे अजून एक जाड ओला कोट, आणि लाल प्लास्टिकवर मला एकही जास्तीचा ओला कोट नकोय. पांढरा लॅकर नीट वाळवून मायक्रोमेश (अतिबारीक घासायचं कापड) आणि मग पॉलिशिंग कंपाउंड फाइन, फिनिश, एवढ्यावर चांगली चमक येते. टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) क्लिअरचा विचार करणाऱ्यांना एकच विनंती, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क अजिबात चालत नाही, योग्य रेस्पिरेटर आणि चांगलं एक्झॉस्ट नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सध्याची स्थिती अशी: बाहेरून सिल्व्हर पूर्ण, लिड पूर्ण, व्हील्स पूर्ण, आतली बाजू आज रात्री. सिल्व्हर पांढऱ्याशिवाय थोडे दिवस तसाच ठेवून बघतोय, त्यात गुलाबी आलीच तर कडेवर अजून एक हात. ज्यांनी लाल बॉडीवर पिवळा मारलाय त्यांनी सांगा, पिवळ्याखाली सिल्व्हरवर परत पांढरा बेस दिला होता की सरळ पिवळा? कपाटात अजून एक लाल बॉडी आहे आणि ती मला पिवळी करायचीये.