सिकलसेलवर पीएचडी: रक्त एकाचं, माहिती अख्ख्या कुळाची

जीवविज्ञानाच्या सामाजिक आणि नैतिक बाजूवर पीएचडी करायची, तर नाशिकमधल्या विद्यार्थ्याला विषयासाठी लांब जायला नको. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर हा आदिवासी पट्टा शेजारीच आहे. सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, इथे घराघरांत भेटतो. १ जुलै २०२३ ला देशभराचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या तपासणीला वेग आला. तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर घरात आणि सोयरिकीत काय होतं, हा प्रश्न प्रबंधाच्या तोलाचा आहे.

आराखडे मात्र बहुतेक वेळा एकाच ठिकाणी लंगडे पडतात. संमती एका माणसाची घेतली जाते आणि माहिती त्याच्या नातेवाइकांची बाहेर येते. मूल एसएस, म्हणजे सिकलसेलचं रुग्ण निघालं, तर दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलं; आईबापाचं रक्त न काढताच त्यांच्याबद्दल काहीतरी कळून गेलं. दोघंही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द मुलाखतीत पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. नाहीतर ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन बरी’ असा हिशेब मांडला जातो.

याहून अवघड जागा वंशावळ काढताना येते. बाप एए (सदोष जनुक नसलेला), आई एएस आणि मूल एसएस असा निकाल दिसला, की संशोधकाच्या मनात पहिला विचार पितृत्वाचा येतो. तो आधी गिळावा. नमुन्यांची अदलाबदल झाली असू शकते. तीन महिन्यांच्या आत रक्त चढवलं असेल तर निकाल फसवा येतो. बापात बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा गुण असेल, तर सोल्युबिलिटी या सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीत तो साफ सुटतो आणि मुलाचा एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) निकाल एसएससारखाच दिसू शकतो. म्हणून बापाचं एचपीएलसी करून एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण बघायचं, ते ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर कोडं बहुधा तिथेच सुटतं. एवढं करूनही मेळ बसला नाही तर काय सांगायचं, कोणाला आणि कोणी, हे प्रस्तावातच लिहून ठेवा. पाड्यावर उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही.

संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे जाताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नीट वाचून जा. बैठकीला किमान पाच सदस्य लागतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. आदिवासी समाज असुरक्षित गटात धरला जातो, त्यामुळे ‘नुसत्या मुलाखती आहेत, सूट मिळेल’ या भरवशावर राहू नका. माहिती गोळा करून झाल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही. यूजीसीच्या नियमात पीएचडीला साधारण सहा वर्षांची मुदत आहे, त्यातले काही महिने कमिटीच्या शंकांना उत्तरं देण्यात जाणार हे धरूनच चाला.

मुलांचा नियम वेगळा. ७ ते १२ वयात तोंडी होकार, १२ ते १८ मध्ये लेखी, आणि दोन्ही वेळा पालकांची संमती हवीच. आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची सही म्हणजे शाळेत शिरण्याची परवानगी, पालकांची संमती नव्हे. ग्रामसभेच्या ठरावाचंही तेच: ठराव घ्या, पण त्यावर एकेका माणसाचा होकार गृहीत धरू नका.

इथे वेळापत्रक आड येतं. दिवाळीनंतर या पट्ट्यातली बरीच माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. म्हणजे मुलं आश्रमशाळेत आणि आईबाप बागेत. पावसाळ्यात भाताची आवणी सुरू झाली की बोलायला कोणी रिकामं नसतं. आवणी उरकल्यावर भात कापणीला येईपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा.

आशाताईंशिवाय कोणतंही दार उघडत नाही, हे खरं. पण गावात सरकारी तपासणीचा निरोप त्याच देतात, त्यामुळे त्या समोर असताना ‘नको’ म्हणणं लोकांना जड जातं. त्यांनी ओळख करून द्यावी आणि संमती घेताना बाजूला व्हावं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, तोही त्या नकोत. फॉर्म वाचून दाखवल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका. सगळे ‘हो’च म्हणतात. ‘उद्या नाही म्हणालात तर दवाखान्यात औषध मिळेल का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर संमती झालेली नाही.

बुडालेल्या रोजाची भरपाई जरूर द्या. त्याहून फार जास्त दिलीत तर ते आमिष होतं. रक्कम कमिटीला आधी कळवा.

नावं बदलली की ओळख लपली, असं समजणं हा प्रबंधांतला सगळ्यात भाबडा समज. चाळीस घरांच्या पाड्यावर ‘एसएस मुलगी, वय ९, दोन भाऊ’ एवढं लिहिलं की गावाला घर सापडलं. त्यामुळे वय पट्ट्यांत द्या, पाड्याऐवजी तालुका लिहा, आणि वंशावळीत भावंडांची संख्या व क्रम बदललात तर तसं पद्धतीच्या प्रकरणात नमूद करा. खरी नावं आणि संकेतांक जोडणारी यादी रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपवर ठेवू नका. गाइडनेही ती पाहायची गरज नाही.